नाव शस्त्रक्रियेला, मान मात्र नाही

क्रीडा प्रतिनिधी

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'साठी जुन्या काळातील खेळाडूंची निवड झाली. सोळा सदस्यांच्या समितीत निवडीसाठी बारा मते आवश्यक होती. डेव्ह पार्कर यांना १४, तर डिक अ‍ॅलन यांना १३ मते मिळाली. डावखुरे पिचर टॉमी जॉन यांच्या वाट्याला अवघी सात मते आली. योगायोग असा, की १९७१ च्या डिसेंबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघाने ज्या अ‍ॅलन यांच्या बदल्यात जॉन यांना लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडले होते, तेच अ‍ॅलन या वेळी मरणोत्तर मानकरी ठरले. वयाची ऐंशी ओलांडलेल्या जॉन यांच्यासाठी मात्र दार पुन्हा एकदा बंद राहिले.

टॉमी जॉन हे नाव अमेरिकेत घरोघरी ठाऊक आहे. पण ते त्यांच्या खेळामुळे नव्हे, तर कोपरावरील एका शस्त्रक्रियेमुळे. सव्वीस मोसमांची आणि २८८ विजयांची कारकीर्द या नावाखाली झाकली गेली, ही या कथेतील खरी व्यथा आहे.

एका चेंडूने बदललेले आयुष्य

इंडियाना राज्यातील टेर होट येथे १९४३ मध्ये जन्मलेले जॉन १९६३ मध्ये क्लीव्हलँड संघातून मोठ्या साखळीत दाखल झाले. त्यांच्याकडे भन्नाट वेग कधीच नव्हता. फलंदाजाजवळ येताना खाली बसणारा 'सिंकर' हे त्यांचे प्रमुख अस्त्र. फलंदाजाला चकवून बाद करण्यापेक्षा त्याला चेंडू जमिनीलगत मारायला भाग पाडायचे आणि उरलेले काम क्षेत्ररक्षकांवर सोपवायचे, अशी त्यांची रीत होती. क्रिकेटच्या परिभाषेत बोलायचे तर वेगवान गोलंदाजापेक्षा टप्प्यावर हुकमत असलेल्या फिरकी गोलंदाजाशी त्यांचे नाते अधिक जवळचे.

१९७४ चा मोसम त्यांच्यासाठी सुवर्णकाळ ठरण्याची चिन्हे होती. तेरा विजय आणि तीन पराभव अशी कामगिरी खात्यात असताना १७ जुलै रोजी मॉन्ट्रियल एक्स्पोजविरुद्ध एक चेंडू टाकताना डाव्या कोपराच्या आतील बाजूचे लिगामेंट तुटले. त्या काळी पिचरसाठी अशी दुखापत म्हणजे निवृत्तीचा आदेशच समजला जाई.

डॉजर्सचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. फ्रँक जोब यांनी तोवर कोणत्याही पिचरवर न झालेला प्रयोग सुचवला. उजव्या मनगटाजवळची एक कंडरा काढायची, डाव्या कोपराच्या हाडांना छिद्रे पाडायची आणि तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ती इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे ओवायची. ही कंडरा नसल्याने हाताचे काही अडत नाही. कित्येकांना ती जन्मतःच नसते. यशाची शक्यता शंभरात एक, असा जोब यांचा अंदाज होता. २५ सप्टेंबर १९७४ रोजी शस्त्रक्रिया झाली. पुढे हाताच्या मज्जातंतूचा त्रास उद्भवल्याने दुसरीही करावी लागली. १९७५ चा संपूर्ण मोसम मैदानाबाहेर गेला.

उत्तरार्धच मोठा

१९७६ मध्ये जॉन परतले आणि दहा सामने जिंकले. तथापि हे निव्वळ पुनरागमन नव्हते. एका मोसमात वीस विजय हा पिचरच्या मोठेपणाचा पारंपरिक निकष. जॉन यांनी तो तीनदा गाठला आणि तिन्ही वेळा शस्त्रक्रियेनंतर : १९७७ मध्ये डॉजर्सकडून २०, तर न्यूयॉर्क यँकीजकडून १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२. एकूण २८८ पैकी १६४ विजय दुरुस्त केलेल्या हाताने मिळाले. १९८९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांची कारकीर्द संपली, तेव्हा त्यांच्या नावावर ४,७१० डाव आणि ७०० सामन्यांत प्रारंभीचा पिचर म्हणून केलेली कामगिरी जमा होती.

दैवाने मात्र साथ दिली नाही. 'वर्ल्ड सिरीज'मध्ये १९७७ आणि १९७८ साली डॉजर्सकडून खेळताना यँकीजने, तर १९८१ साली यँकीजकडून खेळताना डॉजर्सने त्यांना हरवले. १९८१ च्या निर्णायक सहाव्या सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना चौथ्याच डावात त्यांच्या जागी बदली फलंदाज उतरवण्यात आला. तो सामना यँकीजने ९-२ असा गमावला.

तीनशेला बारा कमी

'हॉल ऑफ फेम'च्या नकारामागे तर्क नाही असे म्हणता येणार नाही. सर्वोत्तम पिचरला मिळणारा 'साय यंग' पुरस्कार जॉन यांना एकदाही मिळाला नाही. दोनदा ते दुसरे आले. २३१ पराभवही त्यांच्या नावावर आहेत. दीर्घकाळ चांगला खेळणारा आणि काही काळ अद्वितीय खेळणारा यांत मतदार नेहमीच दुसऱ्याला पसंती देतात. बेसबॉल पत्रकारांनी पंधरा वर्षे त्यांचे नाव विचारात घेतले. आवश्यक ७५ टक्क्यांच्या तुलनेत २००९ मधील अखेरच्या मतदानात त्यांना ३१.७ टक्के मते मिळाली.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. तीनशे विजयांचा टप्पा ओलांडणाऱ्यांपैकी वादग्रस्त रॉजर क्लेमेन्स वगळता प्रत्येक पात्र पिचर या दालनात पोहोचला आहे. जॉन यांना बारा विजय कमी पडले आणि १९७५ चा आख्खा मोसम शस्त्रक्रियेने गिळला. २८३ विजय मिळवणारे दुसरे डावखुरे पिचर जिम काट यांना २०२२ मध्ये सन्मान मिळाला. अर्थात काट यांच्याकडे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे सोळा पुरस्कारही होते. डॉ. जोब यांचा २०१३ मध्ये 'हॉल ऑफ फेम'च्या सोहळ्यात गौरव झाला, मात्र सदस्यत्व त्यांनाही नाही. २०१४ मध्ये ते निवर्तले. म्हणजे खेळाचा चेहरामोहरा बदलणाऱ्या त्या घटनेतील ना डॉक्टर दालनात आहेत, ना रुग्ण.

उपाय की परवाना?

जॉन यांच्या नावाचा आजचा वापर अधिक चिंताजनक आहे. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, मुख्य व दुय्यम साखळ्यांतील 'टॉमी जॉन' शस्त्रक्रियांची संख्या २०१० मध्ये १०४ होती, ती २०२४ मध्ये २८१ वर गेली. वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता. २०२४ मध्ये तो ९४.२ मैल, म्हणजे सुमारे १५२ किलोमीटर झाला. प्रत्येक चेंडू सर्वस्व पणाला लावून टाकण्याची वृत्ती हे दुखापतींचे प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष अहवालाने काढला. ही वृत्ती शाळकरी मुलांपर्यंत झिरपली आहे. जॉन यांनी १९७९ च्या एकाच मोसमात २७६ डाव टाकले होते. २०२४ मध्ये दोनशे डावांची मजल संपूर्ण साखळीत अवघ्या चौघांना मारता आली.

साहजिकच विरोधाभास डोळ्यांत भरतो. वेगाच्या मागे न धावता चौदा मोसम दुरुस्त हातावर काढणाऱ्या माणसाचे नाव आज वेगाने मोडलेल्या हातांना दिले जाते. शस्त्रक्रियेने हात सांधला; तो टिकवला जॉन यांच्या संयमाने, ही गोष्ट त्यांच्या नावाबरोबर पुढे गेली नाही.

जुन्या काळातील खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीचे पुढील मतदान डिसेंबर २०२७ मध्ये नियोजित आहे. तेव्हा यादीत नाव आले, तर जॉन ८४ वर्षांचे असतील. बारा विजयांची उणीव मोजायची की सव्वीस मोसमांचे सातत्य, याचा निर्णय त्या समितीला घ्यावा लागेल. सातत्य दुर्मीळ होत चाललेल्या या खेळात त्याची किंमत ओळखणे, हा प्रश्न आता एकट्या टॉमी जॉन यांच्यापुरता उरलेला नाही.