सापडलं की मिळालं?

परवा भाची आली होती सुट्टीला. न्यू जर्सीत वाढलेली, पण मराठी अगदी छान बोलते. (ताई, तू हे वाचणार आहेस, म्हणून आधी कौतुक करून घेतलं!) सकाळी चहाबरोबर ती फोनवर न्यूयॉर्क टाइम्सचं 'स्पेलिंग बी' नावाचं कोडं सोडवते. सात इंग्रजी अक्षरं दिलेली असतात. त्यांतून चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द करायचे. एक अक्षर कितीही वेळा वापरा, पण मधलं अक्षर प्रत्येक शब्दात यायलाच हवं. आणि सातही अक्षरं पोटात घेणारा एखादा तरी शब्द असतोच, त्याचा मान सगळ्यात मोठा.

मला राहवतंय थोडंच? बसलो शेजारी. ए, सी, ई, एच, आय, एम, टी. मध्ये एच. मॅच झालं, टीच झालं, चीट झालं, थीम झालं. मग गाडी अडली. दहाएक मिनिटांनी भाचीने एक साइट उघडली, सातही अक्षरं टाइप केली आणि ओरडली, "सापडलं! थीमॅटिक!"

मी म्हटलं, "सापडलं नाही गं, मिळालं."

"सेम थिंग, मामा."

सेम थिंग नाही. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितोय. 'थीम' आमच्या हातात होतं हो! अजून दोन घोट चहा पुरला असता.

मी मराठी शाळेतला. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. (पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं.) मे महिन्यात मुंबईची इंग्रजी माध्यमातली चुलतभावंडं यायची आणि फाडफाड बोलायची. मी गप्प. स्पेलिंग पाठ व्हावं म्हणून आम्ही 'वेड-नेस-डे' आणि 'कनिफे' असं घोकायचो. ते एकदा तोंडातून बाहेर पडलं आणि पुढची सगळी सुट्टी माझं नाव 'कनिफे' झालं.

तेव्हा काकांनी एक खेळ काढला. त्या काळी गाड्यांच्या नंबरात आधी तीन इंग्रजी अक्षरं असायची. एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे असलो की जी गाडी जाईल तिची तीन अक्षरं घ्यायची आणि ती तिन्ही ज्यात येतात असा लांबात लांब शब्द सांगायचा. पुढेमागे कशीही आली तरी चालेल. एम, आर, टी आलं की कोणी 'मार्केट' म्हणायचं, कोणी 'थर्मामीटर'. मी एकदा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हटलं. तेरा अक्षरं! उच्चार बहुतेक चुकलाच असणार, पण काकांनी बोटांवर अक्षरं मोजली आणि म्हणाले, "बरोबर." त्या दिवशी कोणी हसलं नाही. बोलण्यातलं इंग्रजी त्यांचं होतं, पण अक्षरांतलं इंग्रजी माझंही होतं. अक्षरांना कुठे उच्चार असतो?

पुढे काकांनी घातलेलं कोडं: पाचही स्वर असलेला शब्द सांग. दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात पाय थबकला. वर कमानीवर रोजच दिसायचं, अमुक तमुक 'एज्युकेशन' सोसायटी. ई, यू, ए, आय, ओ. तो शब्द मी सात जन्मांत विसरणार नाही.

नंतर मी कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलो. युनिक्सवर 'ग्रेप' नावाची एक आज्ञा असते, केन थॉम्पसनने १९७३ च्या सुमाराला लिहिलेली. शब्दांची फाइल तिच्यापुढे ठेवायची, तीन अक्षरं मागायची, की असतील नसतील तेवढे शब्द एका क्षणात पडद्यावर. पहिल्याच आठवड्यात मी एम, आर, टी मागितलं. शब्दांचा नुसता पूर आला! काकांना मोठ्या उत्साहाने फोन केला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "वा! आता पुढची गाडी आली की काय करायचं?"

त्या यादीतला एकही शब्द मला आज आठवत नाही.

कोणी म्हणेल, शब्दांचं काय एवढं, नुसती अक्षरांची जुळवाजुळव तर आहे. खरं आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. अर्थ न कळता शब्द जुळवता येतात याचा याहून मोठा पुरावा नको. पण त्यानेही तो शब्दकोश स्वतःच्याच डोक्यात भरला होता ना! पटावर बसल्यावर शोधणारा तोच होता.

माझं यंत्राशी भांडण नाही, माझी रोजीरोटीच त्याच्यावर चालते. ऑफिसात उत्तर हवं असतं, तिथे यादी जरूर मागवावी. पण जिथे शोधणं हाच खेळ आहे, तिथे उत्तर मागवणं म्हणजे गड चढायला निघायचं आणि पायथ्याशीच वरून काढलेला फोटो विकत घेऊन परतायचं. आणि ज्याला त्या भाषेची भीती वाटते त्याने तर यादीच्या वाटेला जाऊच नये. यादी पाहून मुंबईच्या भावंडांची भीती गेली नसती. ती गेली ती तेरा अक्षरं स्वतः मोजल्यावर.

असो. भाची परत गेली. काल रात्री तिचा मेसेज आला. "मामा, आज पंचवीस मिनिटं लागली. पण सापडलं." खाली नुसती सात अक्षरं. शब्द सांगितला नाहीये पोरीने.

मी अजून शोधतोय.