कंकणाकृती सूर्यग्रहण २०३१ : नकाशावरची रेघ सोपी, आभाळाचं गणित अवघड

ग्रहण जवळ आलं की गावागावांतल्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात. २०२५ मध्ये असाच एक मेसेज घरोघरी पोचला होता. २ ऑगस्टला सहा मिनिटं सगळ्या जगात अंधार पडणार, असं त्यात होतं. दिवस आला आणि गेला, अंधार काही पडला नाही. त्या मेसेजमध्ये साल चुकलं होतं आणि जगभर अंधाराची गोष्टही खोटी होती. ते खग्रास ग्रहण २ ऑगस्ट २०२७ चं आहे. सहा मिनिटांचा अंधार इजिप्तमधल्या लक्सरसारख्या ठिकाणी, एका अरुंद पट्ट्यात पडेल. महाराष्ट्रात त्या दिवशी खंडग्रास ग्रहण आहे, तेही पावसाळ्यातल्या ढगांनी दिसू दिलं तर.

ज्यांना सूर्याची बांगडी, म्हणजे कंकण बघायचंय, त्यांनी तारीख लिहून ठेवायची ती २१ मे २०३१, बुधवार. २०२० नंतर भारतातून कंकण दिसणारं हे पुढचं ग्रहण.

कंकण कुठं दिसणार?

चंद्र पृथ्वीपासून लांब असला की आकाराने लहान दिसतो आणि सूर्याला पुरता झाकू शकत नाही. कडेची तेजस्वी कड उघडी राहते, तेच कंकण. ते फक्त एका पट्ट्यातून दिसतं. बाहेर उभं राहणाऱ्याला कुरतडलेल्या भाकरीसारखा सूर्य दिसतो.

२०३१ चा पट्टा साधारण दीडशे किलोमीटर रुंद आहे. तो अरबी समुद्रावरून केरळात शिरतो आणि तमिळनाडूतून श्रीलंकेकडे जातो. कोची, अलप्पुळा, कोट्टायम, थेनी, मदुराई, कराईकुडी ही गावं त्यात येतात. वेळ दुपारी एकच्या आसपासची. पट्ट्याच्या मधोमध कंकण पाच मिनिटांच्या आसपास टिकेल, कडेला कमी.

नकाशा बघून कोणीही कोचीचं तिकीट काढेल. कोकण रेल्वेने थेट जाता येतं. पण इथंच फसगत होऊ शकते.

मागचे अनुभव काय सांगतात?

२२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणाला बिहारमधलं तारेगणा हे सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणून गाजलं होतं. शास्त्रज्ञ, पुढारी, हजारो लोक तिथं जमले आणि ढगांनी सगळ्यांची निराशा केली. वाराणसीत मात्र लोकांना ग्रहण दिसलं.

२६ डिसेंबर २०१९ ला कंकण दक्षिणेत होतं. केरळातल्या चेरुवत्तूरला लोकांनी ते बघितलं. त्याच राज्यात वायनाडच्या डोंगरात ढगांमुळे अनेकांना हात हलवत परतावं लागलं. दिल्लीत पंतप्रधानांनाही ढगांमुळे सूर्य दिसला नाही, त्यांनी कोळिकोडचं थेट प्रक्षेपण बघितलं.

२१ जून २०२० ला पट्टा राजस्थान, हरियाणा, उत्तराखंडातून गेला. तो जेमतेम वीस किलोमीटर रुंद आणि कंकण मिनिटभरही नाही. त्या वेळी रेघेवर अचूक उभं राहणं महत्त्वाचं होतं. २०३१ ला पट्टा रुंद आहे, त्यामुळे रेघेपेक्षा आभाळ महत्त्वाचं.

घाटाच्या कोणत्या बाजूला?

हे गणित शेतकऱ्याला शिकवायला नको. महाबळेश्वरला पाऊस झोडपतो, आणि माण-खटावला ढग नुसते डोक्यावरून पळतात. केरळ आणि तमिळनाडूचंही तसंच. मधे सह्याद्रीची रांग. कोची पावसाच्या बाजूला, मदुराई पावसाच्या सावलीत.

केरळात मान्सून यायची सर्वसाधारण तारीख १ जून. पण २०२५ ला तो २४ मे रोजीच आला आणि दोन दिवसांत महाराष्ट्रात शिरला. त्या अवकाळीसारख्या पावसाने उभ्या पिकांचं काय केलं, हे सांगायची गरज नाही. २००९ ला तर तो २३ मे रोजी केरळात होता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने ही सगळी किनारपट्टी झोडपली. म्हणजे २१ मे ला कोचीचं आभाळ मोकळं असेलच, असं धरून चालणं म्हणजे जुगार.

मदुराई-कराईकुडीकडे ढग येणारच नाहीत असं नाही. वळीव तिकडेही होतो. पण वळवाचे ढग बहुतेक वेळा दुपार कलल्यावर जमतात आणि ग्रहण एकच्या सुमाराला आहे. थेनी मात्र घाटाच्या पायथ्याशी आहे, तिथं डोंगराचे ढग अडकू शकतात. मदुराईच्या पूर्वेचा सपाट मुलूख जास्त भरवशाचा. आणखी एक फायदा म्हणजे सकाळी मदुराईवर ढग दिसले, तर कराईकुडीकडे सरकता येतं. कोचीतून ऐनवेळी घाट ओलांडणं जमत नाही.

पैसे घालण्याआधी

मे अखेर म्हणजे कुळवणी, बियाणं, खतं. हातात पैसा कमी आणि काम जास्त. पाच मिनिटांसाठी घरची चार माणसं घेऊन जायचं तर चूक परवडत नाही. हवामान खातं दरवर्षी मेच्या मध्याला केरळातल्या मान्सूनचा अंदाज देतं. तो बघून पक्कं करायचं. मुक्काम रद्द करता येईल असाच घ्यायचा. शाळेला सुट्टी असल्याने पोरांना नेता येईल, ही जमेची बाजू.

जे जाणार नाहीत त्यांचं काय?

महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल. सिंधुदुर्ग, कोल्हापूरकडे सूर्य जास्त झाकलेला, विदर्भात कमी. यासाठी खर्च नाही, पण डोळ्यांची काळजी हवी. सूर्याची थोडी कड उघडी असली तरी ती डोळ्याचा पडदा जाळते, आणि तेव्हा दुखतही नाही. कंकण असताना पट्ट्यातसुद्धा चष्मा काढायचा नाही. परातीतल्या पाण्यात बघणं, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यातलं काहीच चालत नाही. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा किंवा चौदा नंबरची वेल्डिंग काच चालते.

सगळ्यात सोपं म्हणजे पिठाची चाळणी उन्हात धरायची आणि खाली कागद ठेवायचा. प्रत्येक भोकातून एक एक कोर खाली उतरते. लिंबाच्या झाडाखालीही तशाच कोरी पडतात. अंगणातली सगळी पोरं एकदम बघू शकतात, आणि कोणालाच सूर्याकडे मान वर करावी लागत नाही.