मूठभर म्हणजे किती ग्रॅम?

पावसाळ्यात कधी मुळशी तालुक्यातल्या आमच्या रिहे गावी आलात, तर सकाळी कुठल्याही घराच्या ओट्यावर क्षणभर बसा. आत चहा उकळत असला की गवती चहाचा वास थेट अंगणापर्यंत येतो. आमच्या घरामागेही, न्हाणीचे पाणी जाते तिथे, गवती चहाचे एक जुने बेट आहे. लहानपणी मला त्या वासाचे फार कौतुक वाटे. पुढे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा वास म्हणजे नुकसानीची खबर आहे. जेवढा वास अंगणात आला, तेवढा कपातून गेला!

तो कसा जातो ते पाहू. गवती चहाच्या पातीत एक सुगंधी तेल असते आणि त्याचा मुख्य घटक असतो सिट्राल. शुद्ध सिट्राल उकळते सुमारे २२९ अंश सेल्सिअसला. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. दर ३०० मीटर उंचीमागे हा आकडा साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे आमच्याकडे तो ९८ च्या आसपास. मग तुम्ही विचाराल, २२९ अंशांना उकळणारा पदार्थ ९८ अंशांच्या पातेल्यातून पळतो कसा? गंमत अशी की, एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले, तर दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज होते आणि ती हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. त्यामुळे पाण्याच्या वाफेबरोबर थोडे थोडे तेलही निघून जाते. साबणासाठी आणि अत्तरासाठी गवती चहाचे तेल काढतात ते याच युक्तीने. कारखानदार ती वाफ थंड करून तेल गोळा करतो. आपण मात्र ती खिडकीबाहेर सोडतो.

आल्याचे तसे नाही. त्याचा तिखटपणा ज्या जिंजेरॉलमुळे येतो, ते वाफेबरोबर सहजी जात नाही. उलट उष्णतेने त्यातल्या काही भागाचे शोगाओल बनते, आणि ते अधिकच तिखट असते. म्हणून आले आधी ठेचून उकळावे, पातेले खाली उतरवावे, मग पात घालून पाच मिनिटे झाकण ठेवावे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. घरातले मोठे माणूस जवळ असू द्या. दोन सारखी पातेली घ्या. प्रत्येकात २०० मिलिलिटर पाणी आणि ५ ग्रॅम ताजी पात. एकातली पात दहा मिनिटे उघडी उकळा. दुसऱ्यातली उकळत्या पाण्यात घालून दहा मिनिटे झाकून ठेवा. पहिल्यातले आटलेले पाणी पुन्हा भरून काढा, नाही तर तुलना खोटी ठरेल. दोन्ही गाळून कपांखाली ‘अ’ आणि ‘ब’ अशा चिठ्ठ्या लपवा आणि घरच्यांना चव विचारा. झाकणाच्या आतल्या थेंबांचाही वास घ्या. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात पात एकदा तोलून घ्या आणि किती पात्यांचे ५ ग्रॅम होतात ते वहीत लिहून ठेवा.

आता माझे खरे म्हणणे. आपल्याकडे घरोघरी पाने, मुळ्या, मसाले एकत्र करून चहा केला जातो, आणि तो जरूर करावा. पण त्यात ‘मूठभर’ आणि ‘चिमूटभर’ ही एकके चालतात, आणि ‘झाडपाल्याने काय अपाय होणार?’ हा समज चालतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो.

माझ्या थोरल्या काकांना रक्तदाबाचे औषध चालू होते. खोकल्यासाठी कुणी सांगितले म्हणून ते रोज तीन वेळा चहात ज्येष्ठमधाची कांडी उकळून घेऊ लागले. खोकला थांबला, चहा चालूच राहिला. काही महिन्यांनी पाय सुजले, रक्तदाब चढला. डॉक्टर दरवेळी विचारत, ‘आणखी कुठलं औषध घेता का?’ काका म्हणत, ‘नाही.’ पुढे चहाचा विषय निघाला, तेव्हा ते मलाच म्हणाले, ‘आरं, च्या काय औषध हाय व्हय?’ ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर सोडियम आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम गमावते. चहा बंद केला आणि काही आठवड्यांत काका सावरले.

२०२० च्या साथीत आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्याचे प्रमाण स्पष्ट होते : तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १, आणि ३ ग्रॅम पुडीला १५० मिलिलिटर पाणी. किती घरांत हे तोलले गेले? ‘जितका कडक तितका चांगला’ हाच हिशेब बहुतेक ठिकाणी मी पाहिला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताचा विकार झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाने ती मान्य केली नाही. रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती हे तपासलेलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाद बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंतून आपल्यापुरता एकच धडा निघतो : कपात काय आहे आणि किती आहे, हे ठाऊक हवे.

तुम्ही म्हणाल, आजीने कधी काही तोलले होते का? नाही. पण आजीची पात परसातल्या एकाच बेटाची असे, पातेले एकच असे, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचा हातच तराजू झालेला होता. शिवाय तिचा काढा शिंका थांबल्या की बंद होई. आपण बाजारातली पुडी आणतो आणि महिनोन् महिने पितो. आजीचा हात आपल्याकडे नाही. निदान वजनकाटा तरी वापरू या.

तेव्हा मित्रांनो, चहाचे मिश्रण खुशाल करा. एका वेळी एकच घटक बदला. ज्याची ओळख पक्की नाही ते पान पातेल्यात घालू नका. बरणीवर नाव, वजन आणि तारीख लिहा. आणि घरात कुणाला औषध चालू असेल, तर ती चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. जे गुण देण्याइतके प्रभावी आहे, ते अपाय करण्याइतकेही प्रभावी असू शकते. गुणाची आशा धरून जे आपण पितो, त्याचे माप ठेवायला नको का?