क्षमा कोणी करावी?

चार्ल्स टॉड या टोपणनावाने माय-लेकांनी लिहिलेली ‘अ टेस्ट ऑफ विल्स’ (१९९६) ही कादंबरी आम्ही नुकतीच वाचली. काळ १९१९चा. महायुद्धावरून परतलेला इन्स्पेक्टर रटलेज वॉरिकशायरमधील एका कर्नलच्या खुनाचा तपास करतो; परंतु १९१६ साली सोमच्या रणभूमीवर, हुकूम नाकारला म्हणून ज्या हॅमिशला त्याने गोळ्या घालविल्या, त्याचा आवाज त्याच्या मनात अखंड घुमत असतो. हॅमिश कल्पित खरा. पण पलायन, भित्रेपणा अशा आरोपांवरून त्या युद्धात देहदंड भोगलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर क्षमा केली. तो हुकूम ज्यांना द्यावा लागला, त्यांना क्षमा कोणी करावी? खुनी सापडतो, हा प्रश्न मात्र, वाचकहो, उरतोच.