पाठ केलेला वाद

आमच्या महाविद्यालयांत वादविवाद शिकवला जातो, हे विधान मला मान्य नाही. शिकवले जाते ते वक्तृत्व. ‘विज्ञान : शाप की वरदान’ यावर कुणीतरी लिहून दिलेले भाषण पाठ करायचे, हातवारे बसवायचे आणि चषक घेऊन घरी यायचे. प्रतिपक्ष काय बोलला हे ऐकण्याची गरजच उरत नाही; कारण त्याचे उत्तर आदल्या रात्रीच घोकून झालेले असते!

आपल्या न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचे काहीही न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडत बसणे ही वितंडा. आमची मुले जल्पात तरबेज होतात. वितंडा तर दूरदर्शन संच रोज रात्री घरबसल्या शिकवतो.

अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आहे. पण तो घ्यावा असे किती पालक सुचवतात? उलट भीती अशी, की मुलगा तर्क शिकला तर उद्या मिस्सालाच येणार नाही. अशा पालकांनी संत थॉमस अक्विनास यांचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ पाहावा. ‘देव आहे काय?’ या प्रश्नाखाली त्यांनी आधी विरोधकांचे आक्षेप मांडले : जगात दुष्टता आहे, हा पहिला, निसर्ग आणि मानवी इच्छा यांनीच सारे उलगडते, मग देव कशाला, हा दुसरा. आजच्या नास्तिकालाही ते इतक्या नेटकेपणाने मांडता येणार नाहीत. स्वतःचे उत्तर त्यांनी त्यानंतरच दिले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’तही श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू त्यांना उत्तर देतात. शंकेला भिणारी श्रद्धा ही आपली परंपरा नव्हे.

विषयही दूर शोधायला नकोत. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले, तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ‘हे डम्पिंग येथून हलवावे’ हा पक्ष गोवंडीचा कोणताही विद्यार्थी तावातावाने मांडील. त्यालाच मग कचरा वेचून पोट भरणाऱ्या बाईच्या बाजूने उभे करावे. आणि कचरा जेथे जाणार त्या गावाच्याही.

पुढच्या स्पर्धेत परीक्षकांनी एकच नियम करावा. प्रत्येकाने बोलण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे असे मांडावे, की प्रतिपक्षाने ‘होय, मी हेच म्हणालो’ असे कबूल करावे. गुण द्यायचे ते त्यानंतर.