पूर्वीची जागा, आणि तीही लगेच!

बुडालेला फुटबॉल क्लब पुन्हा कसा उभा करायचा, हे आमच्या गोव्यात कुठल्याही चहाच्या टेबलावर विचारा. उत्तर ठरलेले असते. चांगला कोच आणा, चार बाहेरचे खेळाडू आणा, दोन वर्षांत पूर्वीची जागा परत! जणू ती जागा एक-चौदाच्या उताऱ्यावर आपल्या नावाने लागलेली आहे आणि मामलेदाराची सही तेवढी राहिली आहे.

मी सरकारी कारकून. सामना पाहतानाही पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे बघायची खोड जात नाही. त्या नजरेने पाहिले तर ग्लासगोच्या रेंजर्सची कथा मला सगळ्यांत बोलकी वाटते.

या क्लबची हाव जुनी. डेव्हिड मरे मालक असताना, सेल्टिकने पाच पौंड खर्च केले तर आपण दहा करू, अशी भाषा चालायची. २००० मध्ये टोरे आंद्रे फ्लो या एका खेळाडूसाठी १ कोटी २० लाख पौंड मोजले. २०११ मध्ये हा एवढा मोठा क्लब क्रेग व्हाइट यांनी अवघ्या एका पौंडाला घेतला. बँकेचे कर्ज फेडायला पैसे कुठून आणले? येणाऱ्या हंगामांची तिकिटे आधीच विकून. म्हणजे पुढची पिके उभी राहण्याआधीच गहाण! फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, जूनमध्ये कर खात्याने तडजोड फेटाळली आणि जुनी कंपनी बुडाली. चार्ल्स ग्रीन यांच्या गटाने ५५ लाख पौंडांत मालमत्ता घेतली. वरच्या लीगने दार बंद केले. खालच्या ३० क्लबांपैकी २५ जणांनी त्यांना थेट चौथ्या श्रेणीत बसवले. (क्लब तोच की नवा, यावर स्कॉटलंडमध्ये अजून भांडणे होतात. मी त्यात पडत नाही.)

खरी गोष्ट इथून पुढे आहे. १८ ऑगस्ट २०१२ रोजी ईस्ट स्टर्लिंगशायरविरुद्धच्या सामन्याला आयब्रॉक्सवर ४९,११८ प्रेक्षक आले. चौथ्या श्रेणीचा सामना, बरे का! ऊर भरून यावा असे प्रेम. पण त्याच प्रेमाच्या पोटात एक अट होती: आम्ही इथे पाहुणे आहोत, लवकर वर चला. १ सप्टेंबरपासून खेळाडू घ्यायला वर्षभराची बंदी लागणार होती, म्हणून त्याआधीच वरच्या श्रेणीत खेळलेले, वरच्या पगाराचे खेळाडू भरून घेतले. समोरचे संघ कोण, तर दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे. डिसेंबर २०१२ मध्ये शेअर विकून सुमारे २ कोटी २० लाख पौंड उभे केले, आणि २०१४ च्या सुरुवातीला क्लब भागधारकांकडे उसने मागत होता.

मैदानावर काय झाले? तिसऱ्या श्रेणीत ३६ पैकी ३३ सामने जिंकले, ३ बरोबरीत, हार एकही नाही. तरी चाहते नाखूश, कारण खेळ रंगत नाही आणि करंडकाच्या अंतिम सामन्यात रेथ रोव्हर्ससारख्या छोट्या क्लबने हरवले. मला विचाराल तर इथे दोष फक्त संचालकांचा नाही. 'दोन वर्षे मुलांना खेळवतो, चुका होऊ देतो' असे कोणी म्हणाले असते तर गॅलरीने त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवले असते. संचालकांनी चाहत्यांच्या घाईचाच माल त्यांना परत विकला. पुढे २०१४-१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत रेंजर्स तिसरे आले आणि बढतीच्या सामन्यांत मदरवेलने त्यांना दोन लढतींत मिळून ६-१ असे धुतले.

त्या वर्षी पहिले कोण आले? हार्ट्स. एडिनबराचा हा क्लबही जून २०१३ मध्ये बुडाला होता. १५ गुण कापले, खेळाडू घ्यायला बंदी. त्यांनी पोरांनाच मैदानात उतरवले. हरले, खालच्या श्रेणीत गेले. चाहत्यांनी शिव्या घालण्याऐवजी दरमहा ठरावीक वर्गणी बँकेतून कापून द्यायला सुरुवात केली. पुढच्याच हंगामात तीच मुले आणि थोडे नवे मिळून ९१ गुण, रेंजर्सचे ६७! २०२१ मध्ये बहुसंख्य शेअर चाहत्यांच्या संस्थेकडे आले. हे सगळे गोड गोडच नाही. २०२० मध्ये हार्ट्स पुन्हा एकदा खाली गेले होते. पण दिवाळे पुन्हा निघाले नाही.

तुम्ही म्हणाल, रेंजर्सही २०२१ मध्ये एकही सामना न हरता विजेते झालेच ना? झाले. नऊ वर्षांनी, आणि मधली वर्षे तोट्यात, भागधारकांच्या कर्जावर काढून.

हे सारे इथे लिहायचे कारण घरचे आहे. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीग सोडली. ते दिवाळे नव्हते, संघटनेच्या नव्या आराखड्याशी पटले नाही. पण उभे राहायचे पुन्हा शून्यापासूनच. धेंपोने २०२४ मध्ये स्थानिक पोरांच्या बळावर बढती मिळवली, तेव्हा आमच्या टेबलावरचा पहिला प्रश्न होता, 'मग आता चॅम्पियन कधी?' पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या त्या जुन्या संघाची नावे आम्हांला तोंडपाठ आहेत. ही पोरे तेव्हा लहान असतील. त्यांनी एक सामना हरला की लगेच त्या नावांशी तुलना सुरू होते, आणि तुलना करणाऱ्यांपैकी शेवटचे तिकीट कोणी कधी काढले होते, हे मी विचारले तर चहा थंड होतो.