धोक्याचा नकाशा कोणाच्या कपाटात?

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यावर आज कांद्याच्या बाजाराइतकाच जमिनीचा बाजारही गजबजलेला आहे. मुंबईत माथाडी म्हणून आयुष्य झिजवून गावाकडे परतणारा कामगार, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, टोमॅटोचा एखादा हंगाम साधलेला शेतकरी असे सारे येथे दोन गुंठे जागा किंवा दोन खोल्यांचे घर शोधीत असतात. 'आसपास एवढी धरणे. उद्या भूकंप झाला तर?' असा प्रश्न त्यांनी केला की दलाल हसून सांगतो, 'काही होत नाही.' सरकारी अधिकारी तेच उत्तर अधिक शुद्ध भाषेत देतो. आणि खेदाची गोष्ट अशी की, आपल्यातीलही काही साथी म्हणतात, 'घर घेणाऱ्याची चिंता हा मध्यमवर्गाचा प्रश्न; आपला प्रश्न धरणग्रस्तांचा.' ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि त्यांतले तिसरे सर्वांत घातक आहे.

प्रश्न खुळचट नाही. दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, अशी ग्वाही एके काळी तज्ज्ञच देत असत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरने ती खोटी ठरविली. सुमारे 180 माणसे दगावली. जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेल्या भूस्तराला निमित्त पुरविले, असे शास्त्रज्ञ आज मानतात. पण धडा पुढेच आहे. 103 मीटर उंचीच्या त्या धरणाला तडे गेले. धरण फुटले नाही. माणसे मेली ती कोसळलेल्या घरांखाली. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीतही दगडमातीच्या जड भिंतींनीच हजारोंचा घास घेतला. भूकंप गरीब-श्रीमंत ओळखत नाही म्हणतात. भिंती मात्र ओळखतात!

उलटपक्षी, धरण फुटण्यास भूकंप लागतोच असे नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही भेदले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक जीव गेले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. राज्याच्या मंत्र्यांनी मात्र दोष खेकड्यांवर ढकलला. खेकड्यांना निवडणूक लढवावयाची नसते, एवढीच त्यांची चूक!

आता आपल्या परिसराकडे पाहू. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर-आंबेगावच्या भूमीवर उभी आहेत. त्यांतील माणिकडोह वर आणि येडगाव खाली, दोन्ही कुकडी नदीवरच. पानशेत-खडकवासल्याचा अनुभव गाठीशी असताना, वरच्या धरणावर आपत्ती आली तर खालच्याचे आणि त्याखालच्या गावांचे काय होईल, हे विचारणे म्हणजे घबराट पसरविणे नव्हे. 2002 च्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात पुणे जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे.

येथे घर घेऊ नका, असा हाकारा आम्ही करीत नाही. कोयनेसारखा मारक भूकंप या धरणांखाली झालेला नाही. उंच माळावरचा गुंठा आणि नदीकाठचा गुंठा यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण ते अंतर दलालाच्या जिभेवर ठरता कामा नये. ते नकाशावर दिसले पाहिजे. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा नदीच्या पुराचा हिशेब सांगतात. धरण फुटल्यास येणाऱ्या लोंढ्याचा हिशेब निराळा. तो मांडण्याचे बंधन 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने घातले आहे. जुन्या मोठ्या धरणांसाठीही आणीबाणीचा कृती आराखडा पाच वर्षांत तयार झाला पाहिजे. कोणता प्रदेश, किती लोकसंख्या बाधित होईल आणि इशारा कसा दिला जाईल, हे त्यात आले पाहिजे. ही मुदत 30 डिसेंबर 2026 ची. असा आराखडा गावच्या चावडीवर लावलेला आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

आता त्या साथींना उत्तर. श्रीमंत खरेदीदार अभियंता नेमतो, वकील नेमतो. भविष्यनिर्वाह निधी ओतून घर घेणारा कामगार दलालाच्या शब्दावर विसंबतो. आणि नदीच्या अगदी काठाला झोपडी असते ती ऊसतोड मजुराची. तो तर काहीच विकत घेत नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, तेव्हा ज्या कपाटात धरणग्रस्ताचा अर्ज अडकला, त्याच कपाटात आज हा नकाशाही अडकणार असेल, तर हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. 30 जुलै 2014 रोजी माळीणमध्ये 151 जण गाडले गेले. तेथे काळ ठरला तो अतिवृष्टीने खचलेला डोंगर. धोक्याचा नकाशा लोकांच्या हाती नसणे मात्र तेच होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत ठराव घ्यावेत. पाचही धरणांचे आराखडे मराठीत, गट क्रमांकांसह चावडीवर लागले पाहिजेत. प्रत्येक खरेदीखताला त्याची प्रत जोडली गेली पाहिजे. नदीकाठच्या शाळा, आश्रमशाळा आणि मजूरवस्त्या यांची पाहणी सर्वांत आधी व्हावी. भूकंपरोधक रचनेवर अभियंत्याची सही असल्याखेरीज कोणत्याही इमारतीला परवानगी मिळू नये. आणि गरिबाच्या घरकुलाला त्या रचनेचा वाढीव खर्च शासनाने द्यावा.

धरण जनतेच्या पैशाने बांधले, जनतेच्या जमिनीवर बांधले. त्याच्या धोक्याची माहिती तेवढी सरकारच्या मालकीची, हा न्याय आम्हांस मान्य नाही. कपाट उघडा, नाहीतर ते उघडायला लोक येतील!